कॅलेंडरामागची

माशी आपल्याकडे बघत नाही. मुंगी बघत नाही. झुरळाला चाहूल लागते आणि ते पळतं, पण पळण्याआधी थांबून, तोंड फिरवून, कोण आलंय हे पाहून घेत नाही. ही मात्र वळली. आषाढातली दुपार होती. मी खुर्ची ओढून पश्चिमेच्या खिडकीशी बसलो होतो आणि चौकटीच्या कडेवर करंगळीच्या नखाएवढं काहीतरी भुरकट चिकटलेलं दिसत होतं. कचरा समजून फुंकर मारायला तोंड पुढं नेलं, तर त्या कचऱ्यानं दोन झटक्यांत जागच्या जागी फिरून माझ्याकडे तोंड केलं. मी डावीकडे कललो, ते माझ्या रोखानं वळलं. उजवीकडे कललो, पुन्हा वळलं. मग आम्ही दोघंही थांबलो. कुणीतरी आपल्याला निरखतंय ही जाणीव माणसाला मानेच्या मागं होते म्हणतात. मला ती समोरून झाली, आणि निरखणारा जीव सेंटीमीटरभर लांबीचा होता.

परभणीतलं आमचं घर जुनं. खिडकीला उभे लोखंडी गज, उन्हाळाभर बाहेर कूलर, आणि पाऊस लागला की कूलर काढल्यावर उरणारी मोकळी चौकट. चौकटीच्या बाजूला खिळ्यावर कालनिर्णय. ती त्या कॅलेंडराच्या मागं राहायची. भिंत आणि कागद यांच्यामध्ये तिनं पांढऱ्या रेशमाची एक चपटी पिशवी विणली होती, दोन्ही तोंडांनी उघडी. सकाळी नऊ-साडेनऊला ती त्यातून बाहेर येई, आधी नुसतं तोंड काढून थांबे, मग चौकटीवर. दिवसभर गज, कडी, पडद्याची दांडी अशी फेरी, आणि दिवे लागायच्या आत परत कॅलेंडरामागं. चालणं म्हणावं तर चालणं नव्हे. चार पावलं झरझर, मग थांबणं, मग इकडं एक झटका, तिकडं एक झटका. शब्द शोधत बोलणाऱ्या माणसासारखं तिचं हे थांबत थांबत जाणं.

पहिले काही दिवस मी तिला ‘तो’ म्हणत होतो. कोळी हा शब्दच पुल्लिंगी, आणि कोळीण म्हटलं की डोळ्यांपुढं माशांची टोपली येते. फोटो मोठा करून पाहिला तेव्हा चूक कळली. कोळ्याच्या तोंडाजवळ पायांसारखेच दिसणारे दोन आखूड अवयव असतात. नराच्या त्या अवयवांची टोकं फुगीर असतात, मुष्टियोद्ध्याच्या हातमोज्यांसारखी. हिची टोकं बारीक आणि केसाळ होती. त्या दिवसापासून ती ‘ती’ झाली.

आमच्या आईचं आणि तिचं पटण्यासारखं नव्हतं. महालक्ष्म्यांच्या आधी घर झाडायचं म्हणजे बांबूला केरसुणी बांधून आढ्यापासून सुरुवात करायची, आणि त्या बांबूपुढं जे आठ पायांचं येईल ते खाली. कोळी म्हटलं की जळमट, जळमट म्हटलं की अवकळा, हा हिशेब घरोघरी पक्का. ही तर जाळं विणतच नाही. तिच्या रेशमाचे उपयोग म्हणजे राहायची पिशवी आणि उडी मारण्याआधी पाठीमागं चिकटवलेला एक सुरक्षेचा धागा. शिकार ती डोळ्यांनी हेरते, मांजरासारखी दबकत जवळ जाते आणि झेप घेते. म्हणजे जळमटांचा जाब तिला विचारायचं काही कारण नाही. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, “कोळी आहे तो. अंगावर मुतला की फोड येतात, तुला काय ठाऊक.” त्या फोडांचा खरा धनी वेगळाच असतो. पावसाळ्यात दिव्यावर येणारा केशरी-काळ्या अंगाचा एक इवला भुंगेरा झोपेत अंगावर चिरडला गेला की त्याच्या अंगातल्या रसानं कातडी भाजल्यासारखी होते. सकाळी तो दिसत नाही, भिंतीवर कोळी दिसतो, आणि नाव त्याचं जातं. गंमत अशी की हीच आई लहानपणी विळा लागलेल्या बोटावर गोठ्यातलं पांढरं कोळिष्टक दाबून रक्त थांबवल्याची आठवण सांगते.

मी फोटो काढायला लागलो तो तिच्या त्या वळून बघण्यामुळे. हातात साधा कॅमेरा, त्याच्यासोबत आलेली १८–५५ची लेन्स. तीच लेन्स उलटी करून लावली की दूरचं जवळ आणणारं भिंग जवळचं मोठं करणारं होतं. त्यासाठी बांगडीएवढं एक धातूचं कडं मिळतं. उलटी लावली की लेन्सचा कॅमेऱ्याशी संवाद तुटतो. आपोआप काहीच होत नाही. फोकस करायचा म्हणजे स्वतःच पुढं-मागं व्हायचं, केसाच्या अंतरानं. लेन्स आणि कोळी यांच्यात चार बोटांचं अंतर राहतं, आणि स्पष्ट दिसणारा थर काडेपेटीतल्या काडीपेक्षाही पातळ असतो. श्वास घेतला तरी डोळा सुटून पाठीवरचे केस स्पष्ट होतात. फ्लॅशचा उजेड बोचतो म्हणून त्याच्यापुढं बटर पेपरचा पडदा. पहिल्या पंधरा दिवसांत काढलेल्या फोटोंमध्ये एकही ठेवण्यासारखा नव्हता. पाय होते, पोट होतं, लाकडाची रेघ होती. डोळा नव्हता. आणि या कामात एकच कायदा आहे. डोळा स्पष्ट नसेल तर बाकी सगळं स्पष्ट असूनही तो फोटो नाही.

काही जण कोळ्याला फ्रिजमध्ये ठेवून, गारठ्यानं बधिर करून फोटो काढतात. ते मला पटत नाही. जीवाला त्रास होतो हे तर आहेच. पण तसा फोटो मला खोटाही वाटतो, कारण ज्यासाठी हा खटाटोप, ते बघणंच त्या क्षणी त्याच्यात उरलेलं नसतं. मी थांबायला शिकलो. पावसाच्या झडीनंतरच्या गार सकाळी ती मंद असे, चौकटीवर ऊब शोधत बसे. तेव्हा कोपर चौकटीला टेकवून, लेन्स इंचाइंचानं पुढं. ती वळे, लेन्सकडे बघे. दोनदा तर तिनं थेट लेन्सवरच उडी घेतली. त्या काचेत तिला कोण दिसलं असेल याचा विचार मी अजून करतो.

मग श्रावण लागता लागता तो एक फोटो आला.

समोर चार डोळे एका ओळीत. मधले दोन अवाढव्य, गोल, रात्री शेतातून येणाऱ्या ट्रॅक्टरच्या दिव्यांसारखे. त्यांच्या दोन्ही बाजूंना एकेक मध्यम. प्रत्येकाभोवती फिकट केसांची झालर. खाली तोंडावर पांढऱ्या मिश्यांसारखा झुपका. उरलेले चार डोळे डोक्याच्या माथ्यावर, दोन दोनच्या जोडीनं मागं गेलेले. त्यातली पुढची जोडी इतकी बारीक की मोहरीच्या दाण्यावर सुईचं टोक टेकवल्यासारखी. आणि त्या मोठ्या डोळ्यांच्या काळ्या काचेत आमची खिडकी होती. पाचही गज मोजता येत होते. गजांच्या पुढं माझ्या डोक्याचा गोळा, एका कानाला कॅमेरा. मी तिचा फोटो काढला होता आणि तिच्या डोळ्यात माझा निघाला होता.

तो फोटो मी टीव्हीच्या पडद्यावर लावला. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा जास्त पिकलेला. ती पडद्याच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “अगं माय, ह्यानं चष्मा लावलाय की काय?”

चष्मा नव्हे, दुर्बीण. ते दोन मोठे डोळे म्हणजे वरून दिसणारी नुसती तोंडं आहेत. आत, डोक्याच्या मागपर्यंत, दोन लांब नळ्या गेलेल्या असतात. नळीच्या एका टोकाला भिंग, ते कवचाला कायमचं जडवलेलं. ते फिरत नाही, मिटत नाही. दुसऱ्या टोकाला प्रतिमा झेलणारा पडदा. आपल्या डोळ्याचा पडदा वाटीसारखा पसरट असतो, हिचा मात्र विळ्याच्या पात्यासारखा अरुंद आणि वाकडा. त्यामुळं एका वेळी दृश्याची एक बारीक चीरच तिला नीट दिसते. मग ती काय करते? भिंग जागेवर ठेवून आतली नळी हलवते. प्रत्येक नळीला सहा स्नायू आहेत. १९६९ साली मायकेल लँड या ब्रिटिश शास्त्रज्ञानं या पडद्यांच्या हालचाली टिपल्या: डावी-उजवीकडे सरकणं आणि सरकता सरकता स्वतःभोवती थोडं पिळणं. अंधाऱ्या खोलीत अरुंद झोताची बॅटरी फिरवत माणूस कपाट, पलंग, दार अशी एकेक वस्तू जुळवतो, तसं ती समोरच्याला जुळवते. पुढं १९८०मध्ये डेव्हिड विल्यम्स आणि पीटर मॅकिंटायर यांनी तिच्याच कुळातल्या पोर्शिया नावाच्या कोळ्यात दाखवून दिलं, की पडद्यापुढचा खळगा दुसऱ्या भिंगासारखं काम करून प्रतिमा आणखी मोठी करतो. टेलिफोटो लेन्समधली करामत, कवडीएवढ्याही नसलेल्या डोक्यात. त्या पोर्शियाची नजर आपल्याहून पाच-सहा पटींनीच कमी बारकाव्याची आहे, आणि कीटकांत डोळ्यांसाठी नावाजलेल्या चतुराहूनही सरस.

बाकीचे डोळे राखणदार. ते हलत नाहीत, रंगरूप फारसं सांगत नाहीत, फक्त कुठं काय हललं ते कळवतात, मागचंसुद्धा. त्यांनी खबर दिली की ती अंग फिरवते आणि दुर्बीण त्या दिशेला लावते. मी फुंकर मारायला वाकलो तेव्हाचं ते झटक्यात वळणं म्हणजे हेच होतं. आधी बाजूच्या डोळ्यांनी मला ‘काहीतरी’ म्हणून पाहिलं, मग मधल्या डोळ्यांनी ‘कोण’ म्हणून.

आणि हे बघणं बाहेरून दिसतं, ही फोटो काढणाऱ्याला मिळालेली देणगी. नळी दुसरीकडे वळलेली असली की मोठ्या डोळ्याच्या आतली भिंत आपल्याला दिसते, आणि डोळा गुळाच्या पाकासारखा तपकिरी भासतो. नळी नेमकी आपल्या रोखानं आली की तोच डोळा ठार काळा होतो. अंग हललेलं नसतं, पाय हललेला नसतो, फक्त रंग उतरतो किंवा भरतो. एका ओळीत काढलेल्या माझ्या सहा फोटोंमध्ये पहिल्या चारांत डोळे पाकाच्या रंगाचे आहेत, पाचव्यात एक काळा, सहाव्यात दोन्ही काळे. त्या सहाव्या फोटोच्या वेळी मी तिला सापडलो होतो.

तिच्याविषयीची मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट ओसाकाच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ साली दाखवली. आपण दोन डोळ्यांतल्या दोन प्रतिमांची तुलना करून अंतर ओळखतो. हे कोळी तसं करत नाहीत. त्यांच्या पडद्याला एकाखाली एक असे चार थर असतात. हिरवा प्रकाश सर्वांत खालच्या थरावर स्पष्ट उमटतो आणि त्याच्या वरच्या थरावर मात्र धूसर. किती धूसर, यावरून समोरची माशी किती लांब आहे ते त्यांना कळतं. हा प्रयोग ज्या जातीवर झाला ती हसारियस अदानसोनी, आमच्या न्हाणीघराच्या दारामागं राहणारी, हिच्या चुलत घराण्यातली. नुसत्या लाल उजेडात तिला शिकारीवर उडी मारायला लावली तर उडी आखूड पडायची, कारण त्या रंगात धूसरपणाचं मापच बदलतं. हे वाचलं त्या रात्री मी पुसून टाकण्यासाठी वेगळे काढलेले शेकडो फोटो पुन्हा उघडून बसलो. फोकस चुकला म्हणून मी ज्यांना टाकाऊ म्हणत होतो, तसली एक धूसर प्रतिमा तिच्या डोळ्यात कायम असते आणि तिच्याच जोरावर तिची उडी चुकत नाही.

तिचं शास्त्रीय नाव मला उशिरा कळलं, आणि ते एका नरामुळे. भाद्रपदात एक काळा गडी खिडकीवर आला, पाठीवरून मधोमध पांढरा पट्टा, पुढचे पाय वर उचलून तिरका तिरका नाचणारा. त्याच्यावरून जात पटली: प्लेक्सिपस पायकुली. एरवी नुसत्या फोटोवरून कोळ्याची जात छातीठोक सांगू नये. त्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली अवयव तपासावे लागतात. पण ही जात माणसांच्या घरांसोबत आणि मालासोबत उष्ण प्रदेशांत जगभर पसरलेली आहे आणि तिचा नर लपत नाही.

त्या नावामागं एक माणूस आहे. १७९८ साली नेपोलियन इजिप्तवर चालून गेला तेव्हा फौजेबरोबर दीडशेच्या वर विद्वान घेऊन गेला होता. त्यांत एकवीस वर्षांचा ज्यूल-सेझार साव्हिन्यी होता. किडे, कोळी, शिंपले, गांडुळं, म्हणजे ज्यांच्याकडे कुणी बघत नाही ते जीव बघायचं काम त्याच्याकडे आलं. परतल्यावर वर्षानुवर्षं त्यानं ते नमुने भिंगाखाली घालून तपासले आणि आपल्या देखरेखीखाली त्यांची चित्रं करवून घेतली. त्यांत कोळ्यांचे डोळेही होते, एकेक, जागच्या जागी मांडलेले. मग त्याचेच डोळे गेले. १८१७च्या सुमारास दुखणं सुरू झालं, १८२४नंतर ते हटलंच नाही. उजेड सोसवेना. अंधाऱ्या खोलीत, तोंडावर काळा बुरखा घेऊन तो १८५१पर्यंत जगला. चित्रं तयार होती, त्यांच्याविषयी लिहायला तो असमर्थ होता. म्हणून व्हिक्टर ओदुएं या तरुण अभ्यासकानं ती चित्रं पुढं ठेवून वर्णनं लिहिली, आणि त्यातून १८२६ साली या जातींना नावं मिळाली. पायकुली त्यातलीच. अदानसोनीही त्यातलीच. आमच्या खिडकीतली आणि आमच्या न्हाणीघरातली, दोघी.

साव्हिन्यीची हकीकत वाचली तेव्हा आईच्या उजव्या डोळ्याची तारीख ठरलेली होती. ऑपरेशनच्या आधीच्या दिवसांत तिला दिव्याभोवती कडी दिसायची, उन्हात तर ती पदर पुढं ओढूनच चालायची. मी त्या काळ्या बुरख्याविषयी तिला काही सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात कॅलेंडरामागची पिशवी दोन्ही बाजूंनी बंद झाली. चार दिवस काही हालचाल नाही. महालक्ष्म्या जवळ आलेल्या, बांबू तयार. मी कॅलेंडराजवळच्या भिंतीपुरती मुदत मागून घेतली. पाचव्या दिवशी ती बाहेर आली ती रंगानं उजळ, पाठीवरचा मधला पट्टा स्वच्छ, पोटाच्या मागच्या भागावर दोन पांढरे ठिपके ठळक. तिनं शेवटची कात टाकली होती. पिशवीच्या तोंडाशी अडकलेली कात मी चिमट्यानं काढली, तिच्यामागं उजेड धरला आणि उलटी लेन्स लावली. पाय पोकळ, अंग पोकळ, आणि डोक्याच्या कवचात गोल, स्वच्छ, काचेसारख्या खिडक्या. कोळ्याच्या डोळ्याचं भिंग कवचाचाच भाग असतं, कवचाबरोबर तेही टाकलं जातं आणि खाली नवं तयार असतं. लहानपणापासून प्रत्येक कातीला नवी भिंगं. आई दवाखान्यातून हिरवी पट्टी लावून घरी आली, तेव्हा तिच्याही डोळ्यात जुनं गढूळ भिंग काढून नवं बसवलेलं होतं. पट्टी निघाल्यावर दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून खिडकीशी गेली. चौकटीवरच्या ठिपक्यानं तोंड वळवलं. आई म्हणाली, “बघायलंय की रे खरंच.”

बांबू त्या वर्षी त्या भिंतीवर फिरला नाही.

डोळ्यांवरून कोळ्याचं कूळ कळतं. आपल्या गावाकडं नवा माणूस आला की आडनाव विचारतात, कोळ्याचं आडनाव तोंडावर लिहिलेलं असतं. पुढं दोन मोठे दिवे म्हणजे उड्या मारणाऱ्यांचं कूळ. सहा डोळे षटकोनात आणि पायांवर काटे म्हणजे कपाशीच्या शेंड्यावर धावणारा चपळ शिकारी. चार बारीक डोळ्यांची खालची ओळ, वर दोन मोठे आणि मागं आणखी दोन, म्हणजे जमिनीवरचा लांडगा कोळी. बी. के. टिकादार यांचं भारतीय कोळ्यांवरचं १९८७चं पुस्तकही डोळ्यांच्या मांडणीपासूनच ओळख शिकवतं. आणि ही ओळख पटवण्याचं काम संपलेलं मुळीच नाही. ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या, याच उड्या मारणाऱ्या कुळातल्या एका नव्या जातीला २०२१ साली इशियस तुकारामी असं नाव दिलं गेलं. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री, मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यात, अंगावर गोळ्या झेलून कसाबला जिवंत पकडून देणारे सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्यावरून. हे नाव वाचताना मला आनंद झाला. मोठ्या माणसाचं नाव रस्त्याला आणि चौकाला देतात. ते नाव ज्याच्याकडे बघायला गुडघे टेकावे लागतात अशा जीवालाही मिळावं, हे मला योग्य वाटतं.

लांडगा कोळी मी मागच्या दिवाळीनंतर मामाच्या रानात पाहिला. जिंतूर तालुक्यात, पूर्णेच्या अलीकडे त्याचं काळं रान आहे. ज्वारी होती, परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘परभणी मोती’ वाणाची, गुडघ्याएवढी. पंपाची लाईट रात्रीची, म्हणून दारं धरायला रात्री जायचं. मामा बॅटरी कमरेशी धरून चालला होता. मी माझी बॅटरी कानशिलाला लावली आणि झोत सरीवर टाकला. सगळ्या रानात हिरव्या-निळ्या ठिणग्या पडलेल्या. दंव वाटावं अशा, पण एखादी सरकायची, एखादी विझायची. “मामा, बॅटरी डोळ्याजवळ धरा.” त्यानं धरली आणि तो थांबलाच. “इतकी वर्षं दारं धरायलोय, हे कव्हा दिसलं नाही.” दिसणार नव्हतंच. लांडगा कोळ्याच्या मोठ्या डोळ्यांमागं आरशासारखा एक थर असतो, तो आलेला उजेड आल्या वाटेनंच परत पाठवतो. बॅटरी कमरेशी धरली तर चमक कमरेशी परतते. एका जागी एका ठसठशीत चमकेभोवती बारीक चमकांचा चुरा होता. जवळ जाऊन पाहिलं तर आई होती, पाठीवर तिची सगळी पिल्लं, आणि प्रत्येक पिल्लू आमच्याकडे बघत होतं.

मामानं विचारलं, “हे पानावर पडतात तेच कोळी का?” हा प्रश्न शेतकऱ्याच्या तोंडून येतोच, आणि त्यात त्याची चूक नाही. चूक शब्दाची आहे. भेंडी-वांग्याच्या पानाखाली बसून रस शोषणारी, ठिपक्याएवढी लाल कीड मराठीत ‘लाल कोळी’ म्हणून ओळखली जाते. कृषी सेवा केंद्रात ‘कोळीनाशक’ मिळतं ते तिच्यासाठी. ती आठ पायांची असली तरी कोळी नव्हे, ती दुसरीच जमात. खरा कोळी पान खात नाही, किडे खातो. तुडतुडे, पांढरी माशी, लहान अळ्या, जे पुढं येईल ते. मित्रकिडींच्या यादीत त्याचं नाव असतं. पण एका शब्दाखाली राखणदार आणि चोर दोघं आले आणि फवाऱ्याला त्यांतला फरक कळत नाही. मामाला मी डोळे दाखवले. ज्याच्या तोंडावर असे डोळे दिसतात, तो तुमचा माणूस, एवढंच सांगितलं. त्याला पटलं असावं. परतताना त्यानं बॅटरी कानशिलालाच धरली होती.

आमच्या खिडकीतली कोजागरीच्या सुमारास जाड झाली आणि पुन्हा पिशवीत शिरली. या वेळी रेशीम दाट होतं. आत फिकट पिवळ्या अंड्यांचा पुंजका, त्यावर ती. मी कॅलेंडरचं पान उलटताना खालचं टोक नुसतं उचलायचो. एरवी कॅमेऱ्याकडे उडी घेणारी ती आता फक्त वळायची, डोळे काळे करायची आणि तिथंच राहायची. तीनेक आठवड्यांनी आत हालचाल दिसली. पिल्लं बाहेर आली ती कार्तिकातल्या एका थंड सकाळी. रात्रीचा पारा विद्यापीठाच्या वेधशाळेत किती उतरला हे वर्तमानपत्रात यायला लागलं होतं. तीळ मोठा वाटावा एवढी ती, आणि अंगानं साबुदाण्यासारखी, आरपार.

या आरपार अंगाविषयी मी वाचलेलं होतं. २०२२ साली डॅनिएला रोस्लर आणि सहकाऱ्यांनी धाग्यावर लटकून झोपलेल्या अशाच पिल्लांचं रात्रभर चित्रण केलं. डोक्याचं कवच पारदर्शक, त्यामुळं आतल्या नळ्या बाहेरून दिसतात, आणि झोपेत ठरावीक काळानं त्या नळ्या हलत होत्या, पाय आखडत होते, स्वप्न पडणाऱ्या माणसाचे डोळे मिटल्या पापणीआड हलतात तसे. वाचणं वेगळं. आमच्या चौकटीवर एक पिल्लू बसलं होतं. मी कॅमेरा टेकवला, मागचा पडदा चालू केला आणि फ्लॅश बंद ठेवला, खिडकीचा उजेड पुरेसा होता.

आई मागं येऊन उभी राहिली. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन अजून व्हायचं होतं, म्हणून तिनं तो तळहातानं झाकला आणि नव्या भिंगाच्या डोळ्यानं पडद्यात पाहिलं.

“डोक्यात हे काळं काळं काय हलायलंय?”

“डोळे आहेत. आतून हलतात.”

दोन काळ्या नळ्या त्या पाणेरी डोक्यात एकमेकींपासून दूर गेल्या, जवळ आल्या, गजाकडे वळल्या, पडद्याच्या दांडीकडे वळल्या. पिल्लू पायानं हललं नव्हतं. आईनं श्वास धरला होता, मी कधी सांगितलं नव्हतं तरी. नळ्या पुन्हा सरकल्या, सावकाश, आणि दोन्ही एका रेषेत येऊन थांबल्या.

“आता इकडं बघायलंय,” आई म्हणाली.